बत्तीस अंशांच्या कलमाची कुळकथा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यात 32 अंश फॅरनहाइट हा आकडा आहे. पाणी गोठतं तो हा बिंदू. पारा त्याखाली उतरला की बांधलेला कुत्रा अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ एकटा बाहेर ठेवता येत नाही. उन्हाळ्यात 90 अंशांच्या वर, म्हणजे आपल्या 32 सेल्सियसच्या पुढे, हीच मर्यादा. एरवीही चोवीस तासांत नऊ तासांहून अधिक काळ साखळी चालत नाही. 2016 मध्ये लँकेस्टर काउंटीत बोस्टन टेरियर जातीचं एक पिल्लू मरणपंथाला लागलेल्या अवस्थेत सापडलं. लिब्रे नावाचं ते पिल्लू वाचलं आणि 2017 चा हा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

साखळीच्या या कलमात मांजराचा उल्लेख नाही. तो का नाही, याचं उत्तर कलमाच्या कुळात आहे.

मूळपुरुष लंडनचा. 1822 साली गॉलवेचे खासदार रिचर्ड मार्टिन यांनी जनावरांच्या छळाविरुद्धचा कायदा ब्रिटिश संसदेत मंजूर करून घेतला. त्यात घोडे, गाई-बैल आणि मेंढ्या होत्या, म्हणजे राबणारी आणि बाजारात किंमत असलेली जनावरं. कुत्र्याचं नाव 1835 च्या कायद्यात आलं आणि त्याच्याच मागून ‘इतर पाळीव प्राणी’ या शब्दांच्या आडोशाने मांजर आत शिरलं. पण तेव्हाचा गुन्हा म्हणजे प्रामुख्याने मारहाण, छळ, कुवतीबाहेर राबवणं. माणसाने काय केलं एवढंच न्यायाधीश बघत. माणसाने काय केलं नाही, पाणी ठेवलं नाही, छप्पर दिलं नाही, हाही गुन्हा ठरू शकतो, ही समज हळूहळू रुजली. थंडीवाऱ्याचं कलम याच दुसऱ्या समजुतीच्या पोटी जन्मलं.

ते जन्मलं तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे परसात बांधलेला कुत्रा होता. न्यूयॉर्क राज्याने 2003 मध्ये बाहेर ठेवलेल्या जनावरांच्या निवाऱ्याचे नियम केले, तेही कुत्र्यांपुरतेच. कुत्र्याच्या बाबतीत सगळं मोजता येतं. साखळीची लांबी, बाहेर काढलेले तास, हवेचं तापमान. शिवाय साखळी ज्याने बांधली तो माणूस सापडतो. मांजराला साखळी नसते. ते कधी बाहेर गेलं आणि कुठे दडलं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

इलिनॉयने 2016 पासून लागू झालेल्या तरतुदीत कुत्र्याबरोबर मांजराचं नाव घातलं. मालकाने त्यांना जिवावर बेतेल अशा थंडीत वा उन्हात दीर्घकाळ ठेवलं आणि त्यातून इजा किंवा मृत्यू झाला, तर तो गुन्हा. घरच्या मांजरासाठी हे पाऊल मोलाचं आहे. पण ‘मालक’ कोण? त्या राज्याच्या भूतदयेच्या कायद्यात जनावर ज्याचं तो मालक, आणि जो त्याला ठेवतो, आसरा देतो किंवा सांभाळतो तोही मालक. पेनसिल्व्हेनियातही साखळीचं कलम कुत्र्यापुरतं असलं, तरी हेळसांडीचं कलम सगळ्या जनावरांना लागू आहे. ज्याच्यावर काळजीची जबाबदारी आहे त्याने, जनावर स्वतःचं असो वा नसो, अंगाची ऊब टिकेल आणि अंग कोरडं राहील असा निवारा द्यायचा.

गल्लीतल्या मोकाट मांजरांना रोज खाणं ठेवणारी बाई इथे पेचात सापडते. तिने निवाऱ्यासाठी खोकं ठेवलं तर मांजर तिचं ठरेल आणि उद्या ते गारठून मेलं तर जाब तिला विचारला जाईल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. ती घाबरून मागे सरली तर त्या मांजरांना दुसरं कोणी नाही. मला कायद्याचा हेतू शंभर टक्के पटतो. म्हणूनच त्याचा धाक नेमक्या या बाईला बसावा हे सहन होत नाही. आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 सुद्धा निवारा न देणाऱ्या मालकालाच दोषी धरतं. त्यात तापमानाचा आकडा नाही आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये.

इलिनॉयच्याच दुसऱ्या एका कायद्यात, प्राणी-नियंत्रणाच्या, या पेचातून वाट काढलेली आहे. मोकाट मांजरं पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि होती तिथे परत सोडायची, अशा कार्यक्रमात काम करणारी व्यक्ती ‘मालक’ धरली जात नाही. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तिथे 2007 मध्ये या सांभाळकर्त्यांसाठी स्वतंत्र नियमही झाले. जिथे जिथे थंडीचं कलम आहे, तिथे तिथे ही सूट त्याच्या शेजारीच लिहिलेली हवी.

कारण मोकाट मांजराला थंडीतून वाचवतं ते खोकं. 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 23 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळपास उणे 31 सेल्सियसपर्यंत उतरला होता. अशा हवेत आधी कानांची टोकं आणि शेपूट गारठून जातात. ऊब शोधत मांजरं गाडीच्या बॉनेटखाली शिरतात आणि इंजिन सुरू झालं की जिवाला मुकतात. खोकं साधं असतं. प्लास्टिकचा झाकणाचा डबा, आतून थर्माकोल, पाच-सहा इंचांचं दार, जमिनीपासून थोडं उचललेलं. मोठं नको, कारण आत तापायला मांजराच्या अंगाखेरीज काहीच नसतं. आत पेंढा भरायचा. वैरणीचं गवत ओल धरतं आणि गोधडी भिजली की अंगातली ऊब ओढून घेते. पेंढ्याची काडी मात्र पोकळ आणि कोरडी राहते, मांजर त्यात खोल घुसून बसतं.

कुत्र्याच्या बाबतीत अधिकाऱ्याने जनावर उचलून नेणं ही सुटका असते. माणसाला कधीच न सरावलेलं मांजर निवारागृहात नेलं तर त्याला कोणी घरी नेत नाही, आणि अशा कितीतरी मांजरांच्या नशिबी तिथे मरणाची सुई आलेली आहे. म्हणून नसबंदीच्या वेळी भूल असतानाच एका कानाचं टोक सरळ कापतात. नसबंदी करून परत सोडलेलं मांजर दुरूनही ओळखू यावं म्हणून. तसा कान दिसला तर थंडीची तक्रार घेऊन आलेल्या अधिकाऱ्याने पिंजरा गाडीतच ठेवावा, सांभाळणारी व्यक्ती कोण ते विचारावं आणि खोक्यातला पेंढा कोरडा आहे की बदलायला झालाय ते बघावं.