लॉटमधली मशिनं

पुण्याच्या पेठांमधला छपाईचा धंदा कोऱ्या यंत्रांवर फारसा कधी उभा राहिला नाही. जर्मनीत एकदा भरपूर राबलेलं हायडलबर्ग इकडे यायचं, त्याचे रोलर बदलले जायचे आणि मग ते वर्षानुवर्षं लग्नपत्रिका, गाइडं, दिवाळी अंकांची कव्हरं छापत बसायचं. मी नारायण पेठेत पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करते. खिळे जाऊन संगणक आले तेव्हा आम्ही तीच रीत पुढे चालवली. मशिन दुसऱ्याचं उतरलेलं, आणि आपला पैसा नेमक्या एका-दोन भागांवर.

१९८५ साली पेजमेकर आलं ते मॅकिन्टॉशवर. मॅक मुंबईच्या जाहिरात कंपन्यांनी घेतले. आमच्याकडे आला पीसी. डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून पुण्याच्याच सी-डॅकचं जिस्ट कार्ड मदरबोर्डवर बसवावं लागे. अक्षरांसाठी वेगळं हार्डवेअर, हे आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात. पुढे विंडोज आलं, श्री-लिपी, आकृती ही देवनागरीची सॉफ्टवेअरं आली आणि त्यांच्याबरोबर, संगणकाला लावल्याशिवाय ती चालू न देणारं, डोंगल आलं. संगणक कितीही जुना चाले, डोंगल मात्र जिवापाड जपायचं. रात्री कपाटात कुलपाखाली डोंगल असे, संगणक नव्हे.

सुटे भाग मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचे. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, पण पार्ट आणायला निघालेल्या माणसाच्या तोंडी ते नाव मी ऐकलेलं नाही. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या त्या गल्ल्यांनी संगणक सहज पचवला. तिथून मुख्यतः रॅम आणली जाई. कारण साधं होतं. रॅम संपली की फोटोशॉप हार्ड डिस्कवर लिहायला लागतं, आणि तेव्हाची डिस्क इतकी हळू की मुखपृष्ठावर एक फिल्टर लावून चहाला खाली उतरावं. ‘आधी रॅम, मग डिस्क, कार्ड परवडलं तर, प्रोसेसर शेवटी’ हा पेठेतला क्रम तेव्हाच ठरला. त्यात अजून खोट काढण्यासारखं फार नाही.

वर्कस्टेशन ही तेव्हा वेगळी जात होती. सन, सिलिकॉन ग्राफिक्स ही नावं आम्ही मासिकांतच पाहिली. त्यांचे प्रोसेसर वेगळे, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, त्यामुळे जुनं झालेलं फुकट मिळालं असतं तरी त्यात पेजमेकर चाललं नसतं. १९९८ मध्ये इंटेलने झिऑन काढला आणि हळूहळू ही भिंत पडली. आत पाहिलं तर वर्कस्टेशन म्हणजे दणकट पीसीच झाला. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

यातून आमचं भलं झालं, कारण पुण्याच्या आसपास गाड्यांचे भाग कॅडवर रेखणाऱ्या कंपन्या भरपूर. त्यांची मशिनं बहुधा लीजवर असतात. लीज संपली की डझनांनी बाहेर पडतात. यालाच बाजारात ‘लॉट निघाला’ म्हणतात. काल गिअरबॉक्स फिरवून दाखवणारं मशिन आज कवितासंग्रहाचं कव्हर उघडतं.

असं एक मशिन म्हणजे २०१२ सालचं एचपी झेड ४२०. झाकण स्क्रूड्रायव्हरशिवाय निघतं, रॅमचे आठ स्लॉट. चार वाटांनी मेमरी चालते म्हणून पट्ट्या चार-चारच्या संचाने घालाव्यात. एकच मोठी पट्टी म्हणजे पैसे घालून मशिनला लंगडं करणं. सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रजिस्टर्ड रॅम आधीच्या साध्या रॅमबरोबर चालत नाही, पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी. पॉवर सप्लाय कंपनीचाच हवा, बाजारातल्या एसएमपीएसचा कनेक्टर तिथे बसत नाही. आणि घेण्याआधी दुकानातच बायोसमध्ये शिरून ‘बूट ब्लॉक डेट’ पाहावी. ती २०१३ची असेल तर सहा कोअरचा ‘ई५-१६५० व्ही२’ हा प्रोसेसर पुढेमागे टाकता येतो. २०११ची असेल तर तो चालूच होत नाही, आणि बायोस कितीही नवं केलं तरी ती तारीख बदलत नाही. वरून दोन्ही डबे हुबेहूब. ही तारीख विचारणारं गिऱ्हाईक आलं की आमचा दुकानदार मुकाट्याने आतल्या खोलीतला दुसरा पीस काढतो.

ग्राफिक कार्डाबद्दल मात्र उगाच बाऊ होतो. क्वाड्रोचं नाव ऐकून लोक खिसा रिकामा करतात. कोरल आणि इनडिझाइनच्या कामाला लॉटमध्ये आलेलंच कार्ड पुरतं. व्हिडिओ किंवा थ्रीडी करणाऱ्याने वेगळा विचार करावा. बाकीच्यांनी क्वाड्रोच्या पैशांत एसएसडी घ्यावी आणि उरलेले रंग खरे दाखवणाऱ्या मॉनिटरसाठी ठेवावेत. पडद्यावरचा शेंदरी प्लेटवर विटकरी होऊन आला की लेखक प्रोसेसरला शिव्या देत नाही, मला देतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११च्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, त्यामुळे झेड ४२० सोडाच, त्याच्या पुढचं झेड ४४०ही बाहेर राहिलं. कंपन्या ती विकायला काढतायत, दुकानदार घासाघीस करायच्या आधीच भाव उतरवतायत. मी स्वतःसाठी २०१८ नंतरचंच मशिन शोधतेय, कारण प्रकाशकांच्या फाइली ईमेलने येतात आणि सुरक्षेचे अपडेट नसलेलं मशिन इंटरनेटला लावायची माझी तयारी नाही.

जुनं मात्र विकणार नाही. इनडिझाइनमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसायला २०१२ची सीएस६ आवृत्ती यावी लागली. त्याआधीची माझी सगळी पुस्तकं पेजमेकरमध्ये, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये पडून आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. एखाद्या प्रकाशकाला जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायची असली की टेबलाखालचं एक्सपीवालं मशिन चालू करावं लागतं. त्याची नेटची वायर काढलेली आहे आणि डोंगल मागे लावलेलंच असतं.