पोर्तुगीज भारताचा प्रश्न आणि संयुक्त राष्ट्रसंघ (१९५५–१९६१)

जागतिक सुरक्षिततेच्या कामी आंतरराष्ट्रीय संस्थांचे सामर्थ्य किती, याची चर्चा करताना अभ्यासक बहुधा कोरिया, सुएझ आणि काँगो यांच्याकडे वळतात. महाराष्ट्राच्या इतिहासाशी निकट संबंध असलेले एक उदाहरण त्यामुळे काहीसे उपेक्षित राहिले आहे. दादरा-नगरहवेली व गोवा यांच्या निमित्ताने राष्ट्रसंघाच्या तीनही प्रमुख शाखांना, म्हणजे न्यायालय, आमसभा आणि सुरक्षा समिती यांना, एकाच वादात मत द्यावे लागले. त्या तिघींनी तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, ही या प्रकरणातील खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय.

पोर्तुगालला राष्ट्रसंघाचे सभासदत्व १४ डिसेंबर १९५५ रोजी मिळाले. पाच दिवसांनी त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सक्तीची अधिकारकक्षा मान्य केली आणि आणखी तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध फिर्याद दाखल केली. नव्या सभासदाची ही घाई सहेतुक होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगरहवेली मुक्त केली होती; दमणहून तेथे फौज पाठवायची तर भारताच्या भूमीवरूनच वाट होती आणि ती वाट भारताने बंद केली होती. ही वाट हक्काची आहे, असे न्यायालयाकडून वदवून घेण्याचा पोर्तुगालचा हेतू होता.

अशा रीतीने १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह आणि त्याच्या अनुषंगाने १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदा हेग येथील न्यायाधीशांपुढे आल्या. (राष्ट्रसंघाच्या चार्टरलाही मराठीत सनदच म्हणतात, एका सनदेचा अर्थ दुसऱ्या सनदेच्या छत्राखाली लावला जावा, हा योग मौजेचा खरा.) या कागदांनी आपणांस गावांचे सार्वभौमत्व मिळाले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले आणि मराठ्यांनी दिले ते सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाचे सरंजाम, राज्य नव्हे, असा निर्णय दिला. गावांतील बंडाळी मोडण्याची मुभा पोर्तुगीजांना दिलेली होती, याचा त्यांच्या वकिलांनी आधार घेतला होता. त्यावर न्यायालयाचा तर्क मोठा मार्मिक आहे: मुलूखच देऊन टाकायचा असता, तर नव्या धन्याला त्याच्याच मुलखातील बंड मोडण्याची परवानगी कोण कशाला देईल? पेशवाईतील दप्तरव्यवहाराशी परिचय असलेल्या कोणालाही हा युक्तिवाद पटावा.

त्याच वेळी हा तह विधिवत् झालाच नाही, हा भारताचा आक्षेपही न्यायालयाने स्वीकारला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या कराराची वैधता नंतरच्या काळात रूढ झालेल्या पद्धतींनी जोखता येत नाही आणि मराठ्यांनी स्वतः तो बंधनकारक मानून अमलात आणला होता, असे त्याने म्हटले. मराठी सत्तेला करार करणारी आणि पाळणारी सत्ता म्हणून मिळालेली ही मान्यता लहान नव्हे. विदर्भाच्या वाचकास येथे नागपूरचे स्मरण होईल. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी भंडारा-शहापूरकडील वैनगंगाखोऱ्यासह त्यांचे सारे राज्य डलहौसीने खालसा केले. भोसल्यांशी झालेल्या तहांचा अर्थ लावणारा आणि त्या अर्थाचा लाभ घेणारा पक्ष तेव्हा एकच होता. हेगच्या न्यायालयाने निदान ही स्थिती पालटली.

परंतु १२ एप्रिल १९६० च्या निकालाचा उरलेला भाग पाहिला म्हणजे या संस्थेची मर्यादाही दिसते. सार्वभौमत्व सनदांनी आले नसले, तरी १८१८ नंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांचा तेथील अंमल व्यवहारात मान्य केला होता. सव्वाशे वर्षांची वहिवाट पाहून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता पोर्तुगालचा येण्याजाण्याचा हक्क १९५४ मध्ये अस्तित्वात होता, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरविले. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या मतांनी ठरले. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. हक्क आहे पण त्याचा भंग झालेला नाही, आणि फौज नेता येत नाही, तेव्हा सिल्वासा येथे जे घडले होते ते तसेच राहिले. तेथे वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. ऑगस्ट १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. तेथील जनतेची इच्छा काय, हा प्रश्न फिर्यादीत नव्हताच. न्यायालयाने तो विचारला नाही, याचा दोष त्याच्याकडे देता येणार नाही.

आमसभेने मात्र तोच विचारला. आपल्या वसाहतीच नाहीत, आहेत ते सागरापलीकडील प्रांत, हे १९५१ च्या घटनादुरुस्तीवर आधारलेले पोर्तुगालचे उत्तर तिने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने फेटाळले आणि स्वराज्य न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत अंगोला-मोझांबिकबरोबर गोव्याचे नाव घातले. पोर्तुगालने त्या प्रदेशांची माहिती पाठवावी, एवढीच मागणी होती. त्याने ती पाठविली नाही. पाठविली नाही म्हणून काही बिघडलेही नाही. तत्पूर्वी १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मेली होती. ना. ग. गोरे यांच्यासारखे सत्याग्रही पोर्तुगीज तुरुंगात होते. काश्मीरचा कटू अनुभव असल्यामुळे भारताने तेव्हा सुरक्षा समितीचे दार ठोठावले नाही हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे समितीपुढे गोव्याचा प्रश्न प्रथम आला तो पोर्तुगालच्या तक्रारीने, भारतीय सैन्य आत शिरल्यावर.

१८ डिसेंबर १९६१ ची ती बैठक राष्ट्रसंघाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिली जाते. गोव्याचे लोक भारतीयच असल्याने स्वतःच्या भूमीवर आक्रमण होऊच शकत नाही, असे भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मांडले. हे एक नाटक असून त्याचा शेवट राष्ट्रसंघाच्या मृत्यूत होऊ शकेल, असे अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन म्हणाले. पोर्तुगालची तक्रार फेटाळण्याच्या सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या ठरावास अकरांपैकी चारच मते पडली. शस्त्रसंधी व सैन्य मागे घेणे यांची मागणी करणाऱ्या पाश्चात्य ठरावास सात मते मिळाली. तेवढी पुरेशी होती, परंतु सोव्हिएट रशियाने नकाराधिकार वापरला.

एवढ्यावरून समितीचे अपयश नकाराधिकाराच्या माथी मारणे सोपे आहे. ते पुरेसे नाही. १९५० च्या ठरावाने नकाराधिकाराला वळसा घालून आमसभेकडे जाण्याची वाट मोकळी केली होती आणि १९५६ मध्ये सुएझच्या वेळी तिचा उपयोगही झाला होता. गोव्याच्या बाबतीत पाश्चात्य राष्ट्रे त्या वाटेने गेली नाहीत. शंभरावर सभासद असलेल्या, नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांनी भरलेल्या आमसभेत वसाहतीच्या रक्षणासाठी बहुमत मिळणे दुरापास्त होते. पणजीत पोर्तुगीज सत्ता कोसळली त्याच १९ डिसेंबरला आमसभेने आपली आज्ञा न पाळल्याबद्दल पोर्तुगालचा निषेध केला. ज्या राष्ट्रसंघाच्या एका शाखेतील बहुमत आदल्या दिवशी भारताला माघारीचा आदेश देऊ पाहत होते, त्याचीच दुसरी शाखा हे बोलत होती.

तरीही भारताच्या बाजूचा युक्तिवाद जसाच्या तसा स्वीकारणे इतिहासाच्या अभ्यासकास कठीण आहे. भूमी मूळची आपली असल्याने आक्रमण होत नाही, हे तत्त्व मान्य केले तर बळाच्या वापरावरील सनदेचा निर्बंध फारसा उरत नाही. कारण शेजाऱ्याचा प्रदेश मूळचा आपला, असे म्हणणारी राष्ट्रे जगात थोडी नाहीत. गोव्याची बाजू बळकट होती ती चौदा वर्षांची प्रतीक्षा, तुरुंग भरणारे सत्याग्रही आणि आमसभेचा ठराव यांमुळे. या तिन्हींना मान देऊन सालाझार यांच्यावर दडपण आणणारी कोणतीही यंत्रणा राष्ट्रसंघाजवळ नव्हती; नाटो संघटनेतील पोर्तुगालचे मित्र ते आणू शकले असते, पण त्यांनी ते पुरेसे आणले नाही. संस्था दुबळी ठरली ती येथे, डिसेंबरच्या बैठकीच्या कितीतरी आधी.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते लिस्बनमधील राजवट १९७४ च्या एप्रिलमध्ये उलथल्यानंतर. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या तहावर परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि मारियो सोआरेस यांच्या सह्या आहेत. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली हे प्रदेश भारतीय घटनेनुसार ज्या ज्या दिवशी सामील झाले, त्या दिवसांपासून ही मान्यता लागू असल्याचे त्यात नमूद आहे.