पॅक्स ब्रिटानिका

नेपोलियनच्या पराभवापासून (१८१५) पहिल्या महायुद्धापर्यंतच्या (१९१४) काळास ‘ब्रिटिश वर्चस्वाखालील शांतता’ या अर्थी दिलेली लॅटिन संज्ञा. या शतकात सर्व बड्या यूरोपीय सत्तांना गुंतविणारे युद्ध झाले नाही. त्याचे श्रेय ब्रिटिश आरमारास देण्याचा प्रघात आहे; तथापि तो अंशतःच ग्राह्य धरता येईल. आरमाराने समुद्रमार्ग खुले राखले, चाचेगिरीस आळा घातला आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर १८०८ ते १८६० या काळात गुलामांची सु. १,६०० जहाजे पकडून सु. दीड लाख आफ्रिकनांची मुक्तता केली. त्याच आरमाराने अफूच्या व्यापारासाठी चीनवर युद्ध लादून (१८३९–४२) हाँगकाँग बळकाविले. भारतीयांना तर ही संज्ञा विपरीतच वाटेल : तिच्या आरंभीच, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली, पुढे पंजाब खालसा झाला (१८४९).

यूरोपातही आरमाराचा धाक किनाऱ्यापुरताच होता. बिस्मार्कची युद्धे (१८६४–७१) ब्रिटनला थांबविता आली नाहीत. १८७० मध्ये बेल्जियमची तटस्थता टिकली, ती मुख्यतः फ्रान्स व प्रशिया या दोघांशीही ब्रिटनने केलेल्या करारांमुळे.

ब्रिटिश आरमार पुढील दोन आरमारांच्या एकत्रित बळाइतके असावे, असे धोरण १८८९ मध्ये ठरले. ब्रिटनला यात स्वसंरक्षण दिसे, जर्मनीला कोंडमारा. जर्मनीचे नौदलविषयक कायदे (१८९८ व १९००) आणि ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका (१९०६) यांमुळे जहाजबांधणीची चढाओढ वाढली. १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरताच ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला.