वजन घटवणे

वजन घटवणे म्हणजे आहार, व्यायाम आणि दैनंदिन सवयी यांत बदल करून शरीरातील अतिरिक्त मेद क्रमाक्रमाने कमी करणे. आजारपणामुळे किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याने होणारी घट यात मोडत नाही. आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलोग्रॅम हा वेग सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला जातो.

मोजमाप

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २५ पासून अतिवजन व ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ मध्ये या मर्यादा अनुक्रमे २३ आणि २५ अशा सुचवल्या. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही मेदाचे प्रमाण बरेच असू शकते, हे त्यामागील कारण होय. याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःच्याच छायाचित्रासह मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून न राहता कंबरेचा घेरही मोजावा लागतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानतात.

ऊर्जेचा हिशोब

एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी (बोलीभाषेत 'कॅलरी') ऊर्जा साठलेली असते. त्यावरून रोज १०० कॅलरी, म्हणजे साधारण एक पोळी, कमी खाल्ल्यास वर्षाला पावणेपाच किलो वजन उतरेल असा हिशोब अनेकदा केला जातो. तो खरा असता, तर दहा वर्षांत ४७ किलो वजन घटले असते. प्रत्यक्षात वजन उतरते तसा शरीराचा ऊर्जाखर्चही कमी होतो. केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एवढ्या कपातीने एकूण साडेचार किलोच्या आसपास वजन घटते. त्यातील निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ उरलेले सर्व तीन वर्षांत. घट मंदावणे हे प्रयत्न फसल्याचे लक्षण नसते. उलट पहिल्या आठवड्यातील मोठी घट बरीचशी पाण्याची असते, कारण ग्लायकोजेन वापरले जाताना त्याच्यासोबत साठलेले पाणीही शरीराबाहेर जाते.

आहार

डाळी, उसळी, दही, अंडी, मासे यांतील प्रथिने आणि भाज्यांतील तंतुमय घटक यांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते. तेल-तुपाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतात. त्यामुळे फोडणीतील तेल मोजून घेतले तरी फरक पडतो. उपवासाने वजन उतरतेच असे नाही. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप यांची खिचडी नेहमीच्या जेवणाहून अधिक ऊर्जा देऊ शकते.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. जेवणाच्या वेळा मर्यादित ठेवण्याची निराळी पद्धत चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर तपासण्यात आली. कॅलरींची कपात दोन्ही गटांत समान होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केवळ कॅलरी कमी करणाऱ्या गटाच्या तुलनेत वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही.

व्यायाम

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवते. केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. तासभर चालून खर्च झालेली ऊर्जा एका वडापावाने सहज भरून निघते. तरीही व्यायाम निरर्थक नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात लक्षणीय घट न होता.

घटलेले वजन टिकवणे

वजन उतरल्यावर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते व भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते. त्यामुळे वजन पुन्हा चढण्याचा दोष केवळ इच्छाशक्तीवर टाकणे अन्यायाचे ठरते. अमेरिकेत १९९४ पासून, किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर टिकवलेल्या व्यक्तींची नोंद ठेवली जाते. ठरावीक आहार, रोज सुमारे तासभर शारीरिक हालचाल आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करणे या सवयी त्यांच्यापैकी बहुतेकांत आढळतात. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हेही अभ्यासांतून दिसले आहे.

दक्षता

गरोदर व स्तनदा स्त्रिया, वाढत्या वयातील मुले आणि खाण्यासंबंधी मानसिक विकार असलेल्या व्यक्ती यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहार कमी करू नये. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांनी जेवण टाळल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. प्रयत्न न करता वजन उतरू लागल्यास मधुमेह, क्षयरोग, थायरॉईडचे विकार व कर्करोग यांची शक्यता वैद्यकीय तपासणीत पडताळली जाते.