'छान आहे' म्हणजे नक्की काय? डिजिटल चित्रस्पर्धेत फीडबॅक कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा?

स्पर्धेचा निकाल लागतो. तीन जणांची नावं जाहीर होतात. बाकीच्यांच्या हातात उरतं ते 'सहभागाबद्दल धन्यवाद' असं लिहिलेलं ई-प्रमाणपत्र. मित्रांच्या ग्रुपवर चित्र टाकलं की 'कडक', 'एक नंबर' आणि आगीचे इमोजी येतात. घरचे म्हणतात, 'छान काढलंयस गं.' यातलं काहीच खोटं नसतं. पण पुढचं चित्र आणखी चांगलं कसं करायचं, हे यातून कळत नाही.

दुसरं टोकही तितकंच ओळखीचं आहे. 'आधी ॲनाटॉमी शीक.' 'रंगांचा सेन्स नाही.' 'हे एआयने केलंय, स्पष्ट दिसतंय.' पंधरा-वीस रात्री जागून काम केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने असं एक वाक्य वाचलं की टॅबलेट कपाटात जाऊ शकतो, आणि तो पुन्हा बाहेर येईलच असं नाही.

मग उपयोगी पडेल असा फीडबॅक कसा असतो? तो देताना आणि घेताना काय लक्षात ठेवायचं? समजून घेऊया.

फीडबॅकमुळे काम बिघडूही शकतं?

हो. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरच्या आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरासरी पाहिली तर फीडबॅकमुळे कामगिरी सुधारत होती. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती उलट घसरली होती.

त्यांनी मांडलेलं कारण चित्रकारांना लगेच पटेल. फीडबॅकने लक्ष कामाकडे नेलं तर फायदा होतो. लक्ष कामावरून हटून स्वतःकडे गेलं, म्हणजे 'मी हुशार आहे की नाही' या प्रश्नावर अडकलं, की नुकसान होण्याची शक्यता वाढते. 'तुझ्यात टॅलेंट आहे' आणि 'तुला जमत नाही' ही दोन्ही वाक्यं माणसाबद्दल आहेत. 'चेहरा आणि मागचं आकाश एकाच छटेत गेलंय' हे वाक्य चित्राबद्दल आहे.

1988 मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यासही इथे लागू पडतो. काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त टिप्पणी, तर काहींना दोन्ही. फक्त टिप्पणी मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रस, दोन्ही चांगलं राहिलं. टिप्पणीसोबत गुणही मिळाले तेव्हा टिप्पणीचा तो फायदा दिसला नाही.

स्पर्धेत तर क्रमांक असतोच. म्हणून निकालाच्या दिवशी आलेली परीक्षकांची टिप्पणी त्याच दिवशी घाईघाईत वाचून निष्कर्ष काढू नका. तीन-चार दिवसांनी, क्रमांक थोडा विसरल्यावर ती पुन्हा वाचा.

स्पर्धेतला फीडबॅक वेगळा का असतो?

पहिला फरक विषयाचा आणि नियमांचा. स्पर्धेत चित्र फक्त चांगलं असून भागत नाही, ते मागितलेल्या विषयाला उत्तर देणारं असावं लागतं. ए-थ्री आकार आणि 300 डीपीआय मागितलं असेल तर फाइल साधारण 3508 बाय 4961 पिक्सेलची हवी. चित्र छापून प्रदर्शनात लागणार असेल, तर स्क्रीनवर चमकणारा आरजीबीतला निळा-हिरवा सीएमवायके छपाईत फिका पडतो. ही चूक कलेची नाही, पण पुढच्या वेळी टाळता येण्यासारखी आहे. त्यामुळे ती आवर्जून सांगायला हवी.

दुसरा फरक वेळेचा. मुदतीआधी दोन आठवडे 'रचना बदलून बघ' म्हणणं मदत आहे. मुदतीआधी दोन तास तेच म्हणणं म्हणजे झोप उडवणं. तेव्हा फक्त दुरुस्त होण्यासारखं सांगा: नावात चूक आहे, लोगो राहिलाय, फाइल चुकीच्या फॉरमॅटमध्ये आहे. निकालानंतरचा फीडबॅक पुढच्या चित्रासाठी असतो, त्यामुळे 'असं केलं असतंस तर जिंकली असतीस' या वाक्याला अर्थ नाही.

देण्याची एक आजमावलेली पद्धत

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास 'क्रिटिकल रिस्पॉन्स प्रोसेस' नावाची पद्धत तयार केली. नृत्यासाठी सुरू झालेली ही पद्धत पुढे इतर कलांमध्येही वापरली जाऊ लागली. तिच्या चार पायऱ्या आहेत.

एक उदाहरण धरूया. समजा, कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेचा विषय आहे 'पावसातली वारी'. एका मुलीने डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली आजी काढली आहे. मागे दिवे घाट, वर काळे ढग आणि खाली मोठ्या अक्षरात 'विठ्ठल'.

1. आधी जाणवलेलं सांगा. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, काय पोहोचलं तेवढंच बोलायचं. 'आजीच्या चेहऱ्यावर थकवा नाही, हट्ट दिसतो. ते माझ्या लक्षात राहिलं.'

2. चित्रकाराला विचारू द्या. 'नजर आधी कुठे जाते?' असं तिने विचारलं, तर तेवढ्याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्या. 'आधी अक्षरांकडे, मग आजीकडे.' रंगांवरचं भाषण इथे नको.

3. मग तुम्ही विचारा, पण प्रश्नात स्वतःचं मत न मिसळता विचारा. 'एवढा काळा घाट का केलास?' हा प्रश्न नाही, टोमणा आहे. 'घाटाचा रंग ठरवताना काय डोक्यात होतं?' हा खरा प्रश्न. उत्तर ऐकून कधीकधी तुमचंच मत बदलतं.

4. शेवटी मत, तेही विचारून. 'प्रकाशाबद्दल एक मत आहे, सांगू का?' तिला 'आत्ता नको' म्हणायची मोकळीक आहे. 'हो' म्हणाली तर सांगा: 'आकाश पूर्ण झाकोळलंय, पण आजीची सावली कडक उन्हातली वाटते. ढगाळ हवेत सावली इतकी धारदार पडत नाही.'

प्रत्येक वेळी चारही पायऱ्या शक्य नसतात. चॅटवर दोन ओळीच लिहायच्या असतील तर पहिली आणि चौथी पुरते.

'काहीतरी खटकतंय' यापुढे कसं जायचं?

बऱ्याचदा खटकतं ते नेमकं काय, हे सांगायला शब्द नसतात. अशा वेळी या चाचण्या करून बघा.

- चित्र बोटाएवढं छोटं करा. ढीगभर एन्ट्री असतील तर परीक्षकांना त्या आधी छोट्या चौकोनांत दिसण्याची शक्यता असते. तेवढ्या आकारात आजी ओळखू येते का?
- काळं-पांढरं करा. रंग काढले की फिक्या-गडद छटांचा गोंधळ लगेच दिसतो. चेहरा ढगांत विरघळत असेल तर रंग बदलून फरक पडणार नाही, छटा बदलावी लागेल.
- आरशातल्यासारखं उलटं करा. वाकडे डोळे आणि कललेली मान पटकन पकडली जाते. 'क्रिता' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नुसतं 'एम' दाबलं की दृश्य उलटतं.
- अक्षरं मोठ्याने वाचा. देवनागरीत हे फार महत्त्वाचं. फॉन्ट किंवा सॉफ्टवेअरचं सेटिंग चुकलं की 'विठ्ठल'मधलं जोडाक्षर फुटतं आणि दोन ठ सुटे होऊन मध्ये हलन्त दिसतो, किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. मराठी वाचकाचं आधी तिकडेच लक्ष जाईल.

आता 'काहीतरी खटकतंय' ऐवजी 'छोट्या आकारात चेहरा हरवतो' असं म्हणता येतं.

दुसऱ्याच्या चित्रावर आपला ब्रश?

डिजिटल चित्रात एक सोय आहे. मूळ चित्राला हात न लावता वरच्या लेअरवर लाल रेषेने दुरुस्ती दाखवता येते, किंवा रंगवूनही दाखवता येतं. यालाच रेडलाइन आणि पेंटओव्हर म्हणतात. हाताचा कोन किंवा पर्स्पेक्टिव्ह शंभर शब्दांत समजत नाही, तो तीन रेषांत समजतो.

पण आधी विचारा. न विचारता केलेला पेंटओव्हर 'हे बघ, मी असं केलं असतं' असा वाटतो. आणि स्पर्धा चालू असेल तर तो फक्त दाखवण्यापुरता ठेवा. तुमच्या रेषा तिच्या अंतिम फाइलमध्ये गेल्या, तर एन्ट्री तिची एकटीची राहत नाही.

एआयचा संशय आला तर?

2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट फेअरच्या डिजिटल कला विभागात जेसन ॲलन यांच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. ते 'मिडजर्नी' या एआय साधनाने तयार केलं होतं आणि एन्ट्रीत तसा उल्लेखही होता. बक्षीस 300 डॉलरचं होतं, वाद मात्र जगभर झाला. तेव्हापासून एआय चालेल की नाही, हे स्पर्धेच्या नियमांत आधीच स्पष्ट लिहिणं किती गरजेचं आहे, ते सगळ्यांना कळलं.

संशय हा मात्र फीडबॅक नव्हे. चारचौघांत 'हे एआय आहे' म्हणणं म्हणजे पुराव्याशिवाय चोरीचा आरोप करणं. शंका असेल तर आयोजकांना खासगीत कळवा. लेअर असलेली फाइल, कच्ची रेखाटनं किंवा 'प्रोक्रिएट'सारख्या ॲपमध्ये होणारं टाइमलॅप्स रेकॉर्डिंग ते मागू शकतात. आणि चित्र तुमचं असेल, तर हे सगळं आधीपासून जपून ठेवा.

फीडबॅक घेताना

*नेमकं विचारा.* 'कसं झालंय?' विचारलं की 'छान' हेच उत्तर येणार. 'आजी आधी दिसते की अक्षरं?' असं विचारा.

*लगेच बचाव करू नका.* 'अगं, ते मुद्दामच केलंय' हे ओठांवर येतंच. आधी लिहून घ्या. मुद्दाम केलेलं समोरच्यापर्यंत पोहोचलं नसेल, तर तीसुद्धा माहितीच आहे. परीक्षकांशेजारी उभं राहून समजावून सांगायची संधी कुठे मिळते?

*तीन ढीग करा.* लगेच करण्यासारखं, विचार करण्यासारखं आणि सोडून देण्यासारखं. वेगवेगळ्या तीन जणांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल, तर ते तिसऱ्या ढिगात टाकू नका.

*दुखणं आणि औषध वेगळं करा.* 'घाट काढूनच टाक' हे सुचवलेलं औषध आहे. त्यामागचं दुखणं 'आजी उठून दिसत नाही' हे असू शकतं. दुखणं बहुतेकदा खरं असतं, औषध मात्र तुमचं तुम्ही शोधायचं. कदाचित घाटावर थोडं धुकं आणलं तरी काम होईल.

आणि प्रत्येक सूचना मानायलाच हवी असं नाही. सगळ्यांचं ऐकून केलेलं चित्र कुणाचंच राहत नाही.

परीक्षक आणि आयोजकांसाठी

प्रत्येक एन्ट्रीला पानभर लिहिणं शक्य नाही. पण दोन वाक्यं जमू शकतात: काय पोहोचलं आणि पुढच्या चित्रात कुठे लक्ष द्यावं. 'आजीचा निश्चयी चेहरा लक्षात राहिला. ढगाळ हवेतल्या प्रकाशाचा आणि अक्षरांच्या जागेचा आणखी विचार करा.' लिहायला मिनिटभर लागतं. एन्ट्री फारच जास्त असतील, तर निदान शेवटच्या वीस-पंचवीस जणांना तरी अशी टिप्पणी द्या आणि सगळ्यांसाठी गुणांचे निकष आधीच जाहीर करा.

बक्षीस तिघांनाच मिळणार. पण ही दोन वाक्यं मिळाली, तर बाकीच्यांच्या हातात प्रमाणपत्रासोबत पुढच्या चित्राची सुरुवातही असेल.