तिसरा रकाना

‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकाच्या १९७८ च्या खंडात दोन लेख आहेत. ऑगस्टमधला टोनी होअर यांचा: एकमेकांना संदेश पाठवत चालणाऱ्या प्रोग्रामांचे वर्तन गणिती भाषेत कसे मांडावे, याविषयीचा. डिसेंबरमधला रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांचा: जाळ्यातल्या दोन संगणकांनी परस्परांची ओळख कशी पटवावी, याविषयीचा. या दोन लेखांची गाठ पडायला सतरा वर्षे लागली.

नीडहॅम-श्रोडर यांच्या सार्वजनिक किल्लीच्या रीतीचा गाभा तीन संदेशांचा. प्रत्येकाचे एक कुलूप. लावावे कोणीही, उघडावे फक्त मालकाने. सोयीसाठी अनंत आणि बळवंत अशी नावे घेऊ. अनंत एक ताजा गुप्त आकडा आणि आपले नाव बळवंतच्या कुलपात घालून पाठवतो. बळवंत तो आकडा आणि स्वतःचा नवा आकडा अनंतच्या कुलपात धाडतो. अनंत हा नवा आकडा बळवंतच्या कुलपात परत करतो. झाली ओळख! मी कागदावर दोन रकाने आखून हे तीनदा मांडून पाहिले, खोट सापडली नाही. बरोज, अबादी आणि खुद्द नीडहॅम यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या खास तर्कशास्त्रालाही ती दिसली नव्हती, एवढेच माझे समाधान.

ऑक्सफर्डच्या गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये ती छापून दाखवली. पुढच्या वर्षी त्यांनी होअर यांच्या भाषेत अनंत, बळवंत आणि एक घुसखोर अशी प्रतिकृती लिहून ‘एफडीआर’ या तपासणी-साधनाला दिली. असे साधन शक्य तेवढ्या सगळ्या घटनाक्रमांतून फिरून येते. त्यातून निघालेला क्रम असा: अनंत सरळ मनाने चंदूशी बोलू लागतो. चंदू तोच आकडा बळवंतच्या कुलपात घालून ‘मी अनंत’ म्हणून पुढे सरकवतो. बळवंतचे उत्तर अनंतच्याच कुलपात असते. चंदूला ते उघडत नाही, म्हणून तो ते अनंतकडे देतो. अनंत ते उघडून आतला नवा आकडा चंदूला परत करतो. आता बळवंतच्या लेखी चंदू हाच अनंत. अनंत आणि बळवंत दोघेही नियमाबाहेर एक पाऊल गेलेले नाहीत!

हिला चूक म्हणावे का, याबद्दल मी थोडा साशंक आहे. मूळ लेखातला शत्रू तारेवर बसून संदेश बदलणारा, चोरणारा होता. चंदू मात्र जाळ्याचा रीतसर सभासद आहे. शिवाय अशा रीतींत अतिसूक्ष्म चुका राहतात, त्या पडताळण्याचे तंत्र कोणीतरी शोधावे, असे आवाहन मूळ लेखकांनीच लेखाअखेर केले होते.

लो यांची दुरुस्ती एका शब्दाची: दुसऱ्या संदेशात बळवंतने आपले नावही घालावे. मग चंदूकडून आलेल्या पाकिटात बळवंतचे नाव पाहून अनंत थांबतो. मात्र साधनाने तपासली ती इनमीन तिघांची वस्ती. कितीही मोठ्या जाळ्यात दुरुस्त रीत टिकेल, हे लो यांना स्वतः हाताने सिद्ध करावे लागले.