इंटरनेटवरचा आवाज : स्वस्ताईचा इतिहास आणि तिची किंमत

१/ ऑक्टोबर २०१६. त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगाव येथील घटनेनंतर नाशिक जिल्ह्यात तणाव पसरला आणि अफवांना आळा घालण्यासाठी मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. संदेश थांबले, तसे इंटरनेटवरचे कॉलही थांबले. हा आवाज इतका स्वस्त आणि इतका परावलंबी कसा झाला, त्याचा हा इतिहास.

२/ एकेकाळी नाशिकहून परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. साधा, अर्जंट, लाइटनिंग असे चढते दर असत. भारतातील पहिली एसटीडी सेवा १९६० साली कानपूर–लखनौ दरम्यान सुरू झाली. पुढे गल्लोगल्ली पीसीओ आले आणि रात्री दर उतरले की तेथे रांगा लागू लागल्या.

३/ दर चढे असण्यामागे तांत्रिक कारणही होते. जुन्या पद्धतीत प्रत्येक संभाषणासाठी एक मार्ग अथपासून इतिपर्यंत राखून ठेवला जाई. दोघेही गप्प राहिले, तरी तो मार्ग अडलेलाच!

४/ इंटरनेटने ही राखीव वाट मोडली. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, ते इतर माहितीसोबत सामायिक मार्गाने जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. १९९५ साली इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने असे सॉफ्टवेअर बाजारात आणले.

५/ त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परदेशी कॉलची मक्तेदारीही याच संस्थेकडे होती. त्यामुळे इंटरनेट टेलिफोनीला कायदेशीर परवानगी मिळण्यास १ एप्रिल २००२ उजाडला. तरीही संगणकावरून देशांतर्गत फोन लावण्यास मनाई कायम राहिली.

६/ २९ ऑगस्ट २००३ रोजी स्काइप अवतरले. सातासमुद्रापार गेलेल्या मुलांशी बोलताना घड्याळाकडे पाहण्याची गरज संपली. २०१६ साली व्हॉट्सॲपने कॉलसह सर्व संवादाला संपूर्ण कूटबद्धता दिली.

७/ जुन्या व्यवस्थेने प्रतिकारही केला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने अशा कॉलसाठी वेगळे शुल्क जाहीर केले, परंतु जनक्षोभामुळे ते मागे घ्यावे लागले. त्यातून नेट न्यूट्रॅलिटीचा लढा पेटला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली.

८/ आता दुसरी बाजू. सामायिक वाटेवर गर्दी झाली की तुकडे रखडतात किंवा हरवतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपलीकडे गेला की संभाषणाची लय बिघडू लागते. तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला एक्सचेंजच्या बॅटरीतूनच वीज मिळे. घरची वीज गेली तरी फोन चाले. घरातील राउटरला ती सोय नाही.

९/ नाशिकला हा प्रश्न पुस्तकी नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी, स्काइप येण्याच्या अवघे दोन दिवस आधी, सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. लाखोंच्या गर्दीत सारेच एकदम फोन काढतात, तेव्हा सामायिक वाटेवर सर्वाधिक ताण येतो. आणि नेमक्या त्याच वेळी आप्तांचा आवाज ऐकू येणे सर्वाधिक निकडीचे असते.

१०/ वाट सामायिक झाली म्हणून आवाज स्वस्त झाला, आणि त्याच कारणाने तो गर्दीत अडतो. इंटरनेट बंद करण्याच्या एका आदेशाने तो मुका होतो, ही त्याची दुसरी किंमत. म्हणूनच घाटावरची ध्वनिक्षेपक यंत्रणा, पोलिसांचे वायरलेस आणि साधा फोन कालबाह्य ठरत नाहीत. नवी वाट रुळली, तरी जुनी बुजवू नये.

(समाप्त)